आवडता लेखक सुटतो कसा? लायब्ररीच्या काउंटरमागून एक लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना सुहास शिरवळकरांचं मिळेल ते वाचलं, 'दुनियादारी' तर चार-पाच वेळा, आता वय बेचाळीस, परवा कपाटातून काढून पुन्हा वाचायला घेतलं तर वीस पानांपुढे जाईना. मग तेव्हा मी बावळट होतो की लेखकच तेवढ्यापुरता होता, आणि एकेकाळी डोक्यावर घेतलेला लेखक माणूस असा सोडून का देतो? शिवाय सगळा संग्रह रद्दीत द्यावा का, कारण मुलगी नववीत आहे आणि ती मराठी पुस्तकाकडे ढुंकून बघत नाही.

रद्दीचं शेवटी बघू.

आधी मी कोण ते सांगतो. डोंबिवलीत स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर माझी सर्क्युलेटिंग लायब्ररी आहे, १९९४ पासून. दोन गाळे होते, आता एकच आहे, दुसऱ्यात मोबाइलचं दुकान आलंय. मी काही समीक्षक नाही, कोण थोर आणि कोण फालतू हे मला विचारू नका, पण कुठला वाचक कुठलं पुस्तक कुठल्या पानावर टाकून उठला हे मला पुस्तक परत आलं की कळतं. लोक तोंडानं "छान होतं हो" म्हणतात आणि पुस्तक उघडलं की साठाव्या पानात लोकलचं तिकीट, नाहीतर मेडिकलचं बिल, एकदा तर आइस्क्रीमचा लाकडी चमचा, आणि त्यापुढची पानं अगदी करकरीत. जे खरंच वाचलं जातं त्याचा कणा सैल होतो, कडा काळ्या पडतात, दर तीन-चार वर्षांनी बाइंडिंगला टाकावं लागतं. 'दुनियादारी'च्या माझ्याकडे आजवर सहा कॉप्या झाल्या, त्यातल्या दोन चोरीला गेल्या, आणि आमच्या धंद्यात चोरी म्हणजे लेखकाचा सगळ्यात मोठा सत्कार.

तर इतकी वर्षं हे बघून माझं एक मत झालंय. लेखक ज्या कारणासाठी आवडतो, बहुतेक वेळा त्याच कारणानं तो पुढे सुटतो.

सुशिंचंच, म्हणजे तुमच्या शिरवळकरांचंच घ्या. त्यांचं काय आवडायचं? संवाद. पात्रं बोलतात फटाफट, वाक्य अर्ध्यात तोडतात, समोरच्याला गप्प करतात. 'दुनियादारी' १९८२ ची, पुण्यातलं कॉलेज, कट्टा, दोस्ती, मारामारी, आणि अठराव्या वर्षी आपणही घरी न बोलता कट्ट्यावर नेमकं तसंच बोलायला बघत असतो. त्याआधीच्या आणि बरोबरच्या त्यांच्या रहस्यकथा घ्या, दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, वकील अमर विश्वास, यातला एकही माणूस बोलण्यात हरत नाही. अठराव्या वर्षी हे अमृत असतं. बेचाळिसाव्या वर्षी आपण दिवसभर साहेबासमोर गप्प, सोसायटीच्या मीटिंगमध्ये गप्प, घरी आल्यावर तर विचारूच नका, आणि मग जो माणूस कधीच हरत नाही त्याचा कंटाळा येतो, थोडा रागही येतो. पुस्तक तेच आहे. तुम्ही बावळट नव्हता, तुम्हाला तेव्हा जे हवं होतं ते त्यात ठासून भरलेलं होतं, आणि आता ते नकोय.

दुसरी गोष्ट, आणि ही मी पैजेवर सांगतो, तुम्ही ते ओळीनं वाचलेत. माझ्याकडे एका वेळी दोन पुस्तकं मिळतात, सुशिवाला मेंबर दोन्ही सुशि नेणार, तीन दिवसांत परत, लगेच पुढची दोन, घरून ओरडा बसेपर्यंत. मे महिन्यात रोज दोन्ही वेळेला आमरस हाणला की जून लागताना माणूस पिठलं मागतो, आंब्याचा काय दोष त्यात. मी तेव्हापासून सांगत आलोय की मध्ये एक दुसरा लेखक घ्या, कुणी ऐकत नाही. सलग आठ पुस्तकं वाचली की लेखकाच्या लकबी दिसायला लागतात आणि एकदा दिसल्या की मग दुसरं काही दिसतच नाही.

२००३ मध्ये सुशि गेले, पुढे दहा वर्षांनी 'दुनियादारी'चा पिक्चर आला आणि माझ्याकडे रांग लागली हो. कॉलेजची पोरं, ज्यांनी जन्मात लायब्ररीचं डिपॉझिट भरलं नव्हतं ती आली. त्यातली बरीचशी तेवढं एक पुस्तक वाचून डिपॉझिट परत घेऊन गेली. पण पाच-सात टिकली, आणि टिकली ती कोण, तर ज्यांना मी दुसऱ्या खेपेला सुशि दिले नाहीत.

वपुंचं जरा वेगळं आहे. सुशि सुटले की लोक हळहळतात, वपु सुटले की लोकांना लाज वाटते, म्हणजे "मी पण वाचायचो एकेकाळी" असं खालच्या आवाजात सांगतात, जणू काही गुटखा सोडलाय. व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट, नोकरी सांभाळून लिहायचे, वर कथाकथनाचे गावोगाव कार्यक्रम, आणि त्यांची कथा मुळात ऐकायची कथा आहे हे लोक विसरतात. ऐकताना पाच मिनिटांनी एक टाळीचं वाक्य लागतं. ते वाक्य लोकांना इतकं आवडलं की वहीत उतरवून घेतलं, मग लग्नपत्रिकेत गेलं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि आता तर वपुंनी कधी न लिहिलेली वाक्यंही खाली त्यांचं नाव टाकून फिरतात. रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर जे वाक्य येतं ते पुस्तकात भेटल्यावर कोण दाद देणार? 'पार्टनर' अजून बाहेर असतं बरं का, 'वपुर्झा' तर असतंच असतं, पण 'वपुर्झा' कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, कुठलंही पान उघडायचं आणि मिटायचं. माझ्याकडच्या एक काकू त्यांचे संग्रह सलग नेत होत्या, एक दिवस दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यांच्या सगळ्या बायका सारख्याच बोलतात हो, आणि सगळ्या यांच्यासारखंच बोलतात." मला आजवर ऐकलेल्या परीक्षणांत हे सगळ्यात नेमकं वाटलंय. त्या काकू पुढे गौरी देशपांडेंकडे गेल्या, त्यांच्याबद्दल खाली सांगतो.

जुन्यांकडे पटकन जाऊन येऊ. फडके-खांडेकर म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीतलं भारत-पाकिस्तान, कलेसाठी कला की जीवनासाठी कला यावरून घराघरात भांडणं. ना. सी. फडके आज माझ्याकडे कुणी मागत नाही, कुणी म्हणजे कुणीच नाही. तंत्र इतकं घोटीव की कुठे काही चुकतच नाही, आणि जो देखणा कॉलेजियन, मोटार, टेनिस वगैरे तेव्हा स्वप्न होतं ते पुढे शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलं. खांडेकरांची 'ययाती' मात्र १९५९ पासून आजतागायत फिरतेय. 'अमृतवेल' पण जाते, मुख्यतः मुली नेतात. बाकीचे खांडेकर कपाटात. माझ्या मते 'ययाती' टिकली कारण त्यात उपमा आणि सुविचार भरपूर असले तरी मधोमध एक हावरा माणूस बसलाय आणि तो अजून जुना होत नाहीये.

बाबूराव अर्नाळकर, हजाराच्या वर रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक. यांना वाचकानं सोडलं असं मी म्हणणारच नाही, एका संध्याकाळची करमणूक टीव्हीनं घेतली, विषय संपला. (माझ्याकडे एक मेंबर होते, रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुनी कोण ते लिहून ठेवायचे. तीन वर्षांनी सापडले, हस्ताक्षरावरून. रिटायर्ड माणूस, बोलणार काय.) काकोडकरांचं तसंच, चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९६९ मध्ये ते सुटले. लोक पेपरात गुंडाळून न्यायचे त्यांची पुस्तकं. आता पेपरात गुंडाळायची गरज उरली नाही, तर मग वाचायची तरी कशाला.

आणि दुपारच्या कादंबऱ्या. योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, यांची दोन अख्खी कपाटं होती माझ्याकडे आणि दुपारी तीन ते पाच फक्त बायकांची गर्दी, भाजीच्या पिशवीत पुस्तक. १९९९ मध्ये अल्फा मराठी हे टीव्ही चॅनल सुरू झालं, आताचं झी मराठी. मी वर्गणीचं रजिस्टर अजून ठेवलंय, पुढच्या दोन वर्षांत दुपारच्या मेंबर निम्म्यावर आल्या. त्या बायका लेखिकांना कंटाळल्या नव्हत्या, घरातल्या माणसांचे ताणतणाव रोज थोडे थोडे बघायची जी भूक होती ती आता फुकट आणि बसल्या जागी भागत होती. हे लक्षात न घेता लोक म्हणतात की त्या लेखिका सुमार होत्या म्हणून विस्मरणात गेल्या. सगळ्या नव्हत्या हो.

आता जरा महत्त्वाचं. कधी कधी लेखक आपणहून सुटत नाही, दुसरं एक पुस्तक येऊन त्याला सोडवतं. याचं माझ्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'मृत्युंजय'. शिवाजी सावंतांनी कर्णाची गोष्ट स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण यांच्या तोंडून सांगितलीय, दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलगा ते घेऊन जातो आणि आठ दिवस जेवायला उठत नाही. त्या वयात प्रत्येकाला आपण कर्ण आहोत असंच वाटत असतं, गुण आहेत पण कुणी ओळखत नाही. भाषा भरजरी, सूर्य, तेज, कवचकुंडलं, छाती भरून येते. गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९६७ मध्येच, इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. ती कादंबरी नाही, महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत, कोरडे, थंड डोक्याचे, कर्णालाही त्या सोडत नाहीत. ज्यानं 'युगान्त' वाचलं तो 'मृत्युंजय'कडे परत येतो तेव्हा त्याला ती भाषा जड वाटायला लागते, त्यात पुढे उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं भैरप्पांचं 'पर्व' वाचलं की मग संपलंच. मी हे प्रत्यक्ष करून बघितलंय, एका इंजिनीअर मुलाला ही तीन याच क्रमानं दिली. 'पर्व' परत करताना त्यानं विचारलं, "काका, कर्ण तुम्ही मुद्दाम मोडलात ना माझा?" काय सांगणार. वर्षभर रुसला होता.

पण हे सगळ्यांचं होत नाही. माझ्याकडे सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, 'मृत्युंजय' दर श्रावणात वाचतात, पोथीसारखं. त्यांना 'युगान्त' देऊ केलं तर म्हणाले, ठेवा तुमच्याकडेच. आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' पिक्चर आला तेव्हा सावंतांच्या 'छावा' कादंबरीची मागणी इतकी की माझी एकुलती कॉपी मी सात दिवसांच्या वर कुणाला ठेवू दिली नाही. त्यातल्या बहुतेकांची तिकिटं पहिल्या शंभर पानांतच अडकलेली सापडली. पिक्चरमधून आलेल्या माणसाला लढाई हवी असते आणि सावंत आधी पंधरा पानं वर्णन करतात. याला लेखक सोडणं म्हणत नाहीत, हा तर चुकीच्या गाडीत बसलेला माणूस, पुढच्या स्टेशनला उतरणारच.

चुकीच्या गाडीवरून जी. ए. कुलकर्णी. जीए लोक सोडतात ते जवळजवळ नेहमी चुकीच्या पुस्तकापासून सुरुवात केल्यामुळे. कुणीतरी सांगतं की जीए म्हणजे फार मोठं काम, अकादमी पुरस्कारसुद्धा परत केला होता त्यांनी, मग माणूस ऐटीत येऊन 'रमलखुणा' नाहीतर 'सांजशकुन' नेतो, आणि चौथ्या दिवशी परत. अहो 'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा आहेत, एकेक म्हणजे ओसाड प्रदेशातून पायी केलेला प्रवास, तिथे थेट जायचं नसतं. 'निळासावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' इथून चढा, तिकडे धारवाड-बेळगावकडची घरं आहेत, माणसं आहेत, भांडीकुंडी, देणी, मरणं आहेत. मग 'काजळमाया'. एवढ्या पायऱ्या चढून आलेला माणूस मी जीएंना सोडताना बघितलेला नाही, एका वेळी एकच कथा वाचतो, पुस्तक सहा-सहा महिने ठेवतो, आणि लेट फी न कुरकुरता भरतो.

भालचंद्र नेमाडेंबद्दल विचारलंत नाही पण लोक विचारतातच. 'कोसला' १९६३ ची, आणि ती एकोणीस ते चोवीस या वयात वाचली नाही तर बऱ्याच जणांना पुढे लागतच नाही. घरापासून तुटलेला, हॉस्टेलवर पैसे उडवणारा, सगळ्याची टर उडवणारा पांडुरंग, त्याचं ते 'काही खरं नाही' पद्धतीचं बोलणं पोरांच्या अंगात शिरतं, मग सहा महिने सगळे तसंच लिहितात. माझ्या कॉपीत धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं इतकी हाताळली गेलीत की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं. पुढे २०१० मध्ये त्यांचंच 'हिंदू' आलं, लोक कितीतरी वर्षं वाट बघत होते, पहिल्या आठवड्यात माझ्याकडे अकरा जणांनी नंबर लावला. त्या अकरांतले तीन जण शेवटापर्यंत पोचले. इथे तर लेखक बदललाही नव्हता, तोच हट्ट, तीच मोकाट भटकणारी वाक्यं, फक्त तेव्हा हट्टी पोरगा बोलत होता आणि आता सगळ्या समाजाची अडगळ उपसणारा माणूस बोलतोय. मला स्वतःला 'हिंदू' दुसऱ्या वाचनात आवडलं. पहिल्या वेळी मीही टाकून दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता माझी लाडकी गोष्ट. २०१८ ला 'तुंबाड' पिक्चर आला, २०२४ ला पुन्हा थेटरात लागला, तेव्हा एक लांब केसांचा मुलगा आला, म्हणाला ते तुंबाडचं ओरिजिनल पुस्तक द्या. आता त्या पिक्चरच्या मुळाशी भयकथावाल्या नारायण धारपांची एक कथा आहे, आणि नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. मी हे सांगायला तोंड उघडेपर्यंत माझ्या असिस्टंटनं 'खोत'चा पहिला खंड त्याच्या हातात ठेवला, जाडजूड, आणि तो खूश होऊन गेला. मला वाटलं उद्या शिव्या घालत येणार. दोन आठवडे पत्ता नाही. मग आला, म्हणाला, "यात भूत नाहीये." म्हटलं नाहीच, चुकून दिलं. म्हणाला, "दुसरा खंड आहे का?" जगबुडी नदीच्या काठचं एक खोतांचं घराणं, चार पिढ्या, त्यातले चक्रम, उर्मट, खुनशी, भाबडे लोक, यात तो भुताविना अडकला. धारप त्यानं नंतर वाचले आणि तेही आवडले, पण धारपांची गंमत माहीत आहे ना, त्यांच्या बऱ्याच गोष्टींत शेवटी समर्थ, म्हणजे भुताखेतांशी लढणारा त्यांचा नेहमीचा नायक, येणार आणि सगळं निस्तरणार, म्हणून माणूस दहा पुस्तकांनी थांबतो, आणि म्हणूनच पावसाळा लागला, लाइट गेली की परतही येतो. धारपांना कायमचा सोडलेला वाचक मी पाहिला नाही. सुट्टीवर जातात लोक.

पेंडशांवरून मला एक कसोटी सापडलीय, तुम्हीही करून बघा. कुठलीही कादंबरी मधोमध उघडायची आणि हिरो नसलेली चार पानं वाचायची. दुय्यम माणसं, म्हणजे चहा आणून देणारा, शेजारीण, मामा, हे हिरो खोलीत नसताना स्वतःचं काहीतरी जगत असतील तर तो लेखक तुमच्या पन्नाशीतही चालेल. ती माणसं नुसती हिरोच्या वाक्याला टाळी द्यायला उभी असतील तर त्या लेखकाला मुदत आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन बघा, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', चारच पुस्तकं, त्यात आजी, आजोबा, मास्तर, बँडवाले, सगळे आपापल्या नादात. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या माणसानं लंपनवर एवढंच लिहिलं आणि २००३ मध्ये अपघातात गेले. लंपनला सोडलेला वाचकही मला माहीत नाही, अर्थात पाचवं पुस्तक नाही याचाही त्यात वाटा असेल, चिरकाल आवडायचं तर कमी लिहावं, पण हे कुठल्या लेखकाला सांगायचं.

आणि त्या काकू. वपु टेबलावर ठेवून त्यांनी गौरी देशपांडेंचं 'एकेक पान गळावया' नेलं, चार दिवसांत परत, कपाळाला आठ्या, "या बायकांना धुणी-भांडी नाहीत का? परदेशात बसून नवऱ्याशी चर्चा करतात नुसत्या." संपलं म्हटलं. पुढे नऊ-दहा वर्षांनी, यजमान गेल्यावर, त्या परत आल्या आणि तेच पुस्तक मागितलं. मी काही बोललो नाही. महिना ठेवलं. परत करताना एवढंच म्हणाल्या की तेव्हा मला राग पुस्तकाचा नव्हता आला. त्यानंतर त्यांनी गौरीबाईंची माझ्याकडची सगळी पुस्तकं वाचली, पण सावकाश, मध्ये मध्ये दुसरं काहीतरी घेऊन.

तर तुमचं. 'दुनियादारी' आत्ता पुन्हा उचलू नका, वीस पानांत जे झालं तेच परत होईल आणि जुनी आठवणही खराब होईल. सुशिच हवे असतील तर तेव्हा न वाचलेलं एखादं घ्या, ज्याच्याशी तुमचं कॉलेज चिकटलेलं नाही असं, आणि एकच घ्या. वेग आणि मित्रमंडळी हेच हवं असेल पण बेचाळीसच्या माणसाला पचेल असं, तर मिलिंद बोकिलांची 'शाळा' बघा, नववीतल्या पोरांची गोष्ट आहे पण लिहिणाऱ्याला त्या पोरांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि ते तो सांगत बसत नाही.

रद्दीत देऊ नका. रद्दीवाला किलोवर घेतो, तेवढ्यात दोन वडापावही येणार नाहीत. मुलगी नववीत आहे म्हणता, तिला "वाच" असं अजिबात म्हणू नका, 'दुनियादारी' तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी, शक्यतो वरच्या कप्प्यात, जिथून काढताना खुर्ची लागते तिथे ठेवा आणि "हे तुझ्या वयाचं नाही" एवढं एकदा सांगा. कॉपी जुनी असेल तर आधी बाइंडिंग करून घ्या, मधली पानं सुटलेली असतात त्याची.